हरवलेली चार पाने आणि सावंतवाडीच्या नावाची मोहोर

२०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या गोल पानांना, आणि सावंतवाडीच्या लाकडी हस्तकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे आपण सगळे ज्याला सरसकट ‘जीआय’ म्हणतो ते, मिळाल्याची बातमी वाचली, तेव्हा मला सर्वांत आधी आठवली ती आजोळच्या देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवलेली एक लाकडी पेटी. तिचे झाकण खाचेतून सरकवून उघडावे लागे. झाकणावर लाल जमिनीवर पिवळ्या फुलांची वेल होती आणि बोटांच्या वापराने तिची एक बाजू पुसट झाली होती. आत तळहाताच्या खळग्यात मावतील अशी गोल पाने एकावर एक रचलेली असत. आजी ती पेटी उघडण्याआधी आम्हा मुलांना हात धुवायला लावी, आणि हात धुऊन आलो तरी ते पंच्याला कोरडे केले आहेत की नाहीत, हे स्वतः चाचपून पाही.

ती पेटी आता माझ्याकडे आहे. बातमी वाचली त्या रात्री मी पाने मोजली. दशावतारी गंजिफांच्या एका संचात दहा अवतारांचे दहा रंग (पत्त्यांतल्या इस्पिक-बदामासारखे) आणि प्रत्येक रंगात बारा पाने, अशी एकूण १२० पाने असतात. पेटीत ११६ निघाली. वामनाचा प्रधान नव्हता, कूर्माची पंजी नव्हती, आणि रामाची दुर्री व तिर्री या दोन्ही गेलेल्या होत्या. पुढच्या गणपतीला आजोळी जाईन तेव्हा ही चार पाने त्याच गावात, त्याच पद्धतीने करून घ्यायची, असे मी तेव्हाच ठरवले. या लेखात त्या चार पानांविषयी लिहायचे आहे आणि त्यांच्या निमित्ताने त्या मानांकनाविषयीही, कारण एका लहान गावाला राष्ट्रीय पातळीवरचा मान मिळतो तेव्हा तो नेमका कोणाला मिळतो आणि त्याने काय बदलते, याचा विचार त्यानंतर मनातून गेलेला नाही.

ज्यांनी सावंतवाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडे, गोव्याच्या सीमेपासून जवळ, नरेंद्र डोंगराच्या पायथ्याशी वसलेले हे गाव पूर्वी सुंदरवाडी म्हणून ओळखले जाई, आणि सावंत-भोसले घराण्याच्या संस्थानाची राजधानी असल्यामुळे सावंतांची वाडी हे नाव पुढे रूढ झाले. गावाच्या ऐन मध्यभागी मोती तलाव आहे, तलावाच्या एका काठाला राजवाडा आहे, आणि बाजारपेठेतून आत वळले की चितारआळी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या जेमतेम २४ हजारांच्या घरात होती. या संस्थानातला बापूसाहेब महाराजांचा कारभार वाडीतली जुनी माणसे आजही ‘रामराज्य’ म्हणूनच सांगतात, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो. अशा आठवणी जपणाऱ्या गावाला आपल्या कलेचेही मोल असणार, असे कोणालाही वाटेल. पण मधल्या काळात ही कला जवळजवळ हातातून निसटली होती.

गंजिफा हा खेळ मूळचा इराणकडून आलेला आहे. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफांचा संच पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात सापडते. मोगली गंजिफांचा संच ९६ पानांचा आणि आठ रंगांचा. आपल्याकडे या खेळाने दशावतार अंगावर घेतले आणि रंग दहा झाले. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वराहाला शंख, नरसिंहाला चक्र, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, रामाला बाण, कृष्णाला गाय, बुद्धाला कमळ आणि कल्कीला तलवार. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान ही दोन चित्रांची पाने आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा खुणांची पाने. तिघांनी खेळायला बसले की प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने येतात. पत्त्यांच्या खेळासारखा हुकूम यात नसतो. अर्ध्या रंगांमध्ये दश्शी थोर असते आणि अर्ध्यांमध्ये एक्का थोर असतो, त्यामुळे कोणते पान कधी टाकायचे आणि कोणती पाने बाहेर पडून गेली आहेत, हे सतत लक्षात ठेवावे लागते. आजी कधी शाळेत गेली नव्हती, पण ११६ पानांच्या अपुऱ्या संचाने खेळतानाही कोणत्या रंगातली किती पाने कोणाकडे उरली आहेत, हे तिला तोंडपाठ असे. मला लहानपणी सर्वांत आवडणारा नियम मात्र डाव सुरू करण्याचा होता. दिवसा खेळायला बसले तर ज्याच्या हाती रामाचा राजा आला तो डाव उघडणार, आणि रात्री बसले तर ज्याच्या हाती कृष्णाचा राजा आला तो.

सावंतवाडीच्या दरबारात हा खेळ अठराव्या शतकात, तिसरे खेमसावंत यांच्या काळात रुजला असे मानले जाते. पाने बनवणारे ते चितारी. लाकूड कातणे, त्यावर लाख चढवणे, देव्हारे, पाट, चौरंग, पाळणे रंगवणे, मुलांचे भोवरे, पांगुळगाडे आणि भातुकली करणे हा सगळा व्यवसाय त्यांच्याच घरांमध्ये चाले, आणि त्यांच्या वस्तीला नाव पडले चितारआळी. दरबाराचा आश्रय होता तोवर गंजिफांना मागणी होती. पुढे छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले, १९४८ साली संस्थान विलीन झाले, आणि एक वेळ अशी आली की ही पाने जुन्या रीतीने रंगवू शकणारा उतारवयाचा एकच कारागीर उरला. श्रीमंत शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कला पुन्हा उभी करायचे ठरवले, तेव्हा त्यांनी स्वतः त्या कारागिराकडून ती शिकून घेतली, राजवाड्यातच काम सुरू केले आणि गावातल्या तरुण मुलामुलींना शिकवले. मला या घटनेचे फार मोठेपण वाटते. राजघराण्यांनी कलेला आश्रय दिल्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो, पण आश्रय देणाऱ्याने स्वतः पाट मांडून कारागिराच्या समोर शिष्य म्हणून बसावे, हे क्वचित घडते. ती दोघे बसली नसती तर २०२४ साली मानांकन द्यायला काही शिल्लकच राहिले नसते.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन गेलो. पाने रंगवणाऱ्या ज्या काकींकडे मी गेलो त्यांचे घर आळीच्या आत आहे. पुढच्या पडवीत कातणयंत्राचा आवाज चालू होता आणि लाखेचा तो ओळखीचा गोडसर जळका वास भरून राहिला होता. “तुमी खंयसून इलात?” काकींनी विचारले. पुण्याहून आलो, पण आजोळ इथलेच, असे सांगून मी पेटी पुढे केली. त्यांनी झाकण न उघडता आधी ती उलटी केली, तळाला नखाने टकटक केले आणि म्हणाल्या, “पेटी आंब्याची.” मग झाकण सरकवले, वरचे पान दोन बोटांच्या कडांवर तोलून उजेडाकडे धरले, आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.

पान कसे बनते ते मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले. कागदाचे किंवा जुन्या धुतलेल्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवतात. चिंचोके भाजून, साल काढून, भिजवून, वाटून, शिजवून ही खळ करतात, आणि तिला कीड लागत नाही म्हणून ती वापरायची, असे काकींनी सांगितले. थर वाळले की गोल कापून काढायचे, त्यावर खडूच्या पुडीचा लेप द्यायचा, तो वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचा, पुन्हा लेप, पुन्हा घोटणे. पाठीला एकाच रंगाचा सपाट हात द्यायचा, कारण पाठीवर जराही खूण राहिली तर खेळणाऱ्याला पान ओळखता येईल. त्यानंतर दर्शनी बाजू रंगवायची. जमीन आधी, मग आकृती, मग पिवळ्या रंगाचे अलंकार आणि सर्वांत शेवटी काळ्या रंगाची बाह्यरेषा. मला ज्याचे आश्चर्य वाटले ती गोष्ट ही की बाह्यरेषा ओढताना काकी पेन्सिलीने आधी काहीच आखत नव्हत्या. दोन-चार केसांच्या कुंचल्याने त्यांनी कासवाच्या पाठीची कमान एका श्वासात ओढली, आणि ती ओढून होईपर्यंत त्यांचा श्वास खरोखरच थांबलेला होता.

पलीकडे कातणयंत्रावर त्यांचा मुलगा भातुकलीतला तांब्या कातत होता. लाकूड गरगर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याचे सुकलेले पाते त्यावर धरले की लाख सगळीकडे सारखी बसते आणि तिला चकाकी येते. ही चकाकी आरशासारखी नसते, तिला आतून उजेड असतो. तेलरंगाने रंगवलेले खेळणे आणि लाखेचे खेळणे यांतला फरक डोळ्यांना कळला नाही तरी हाताला कळतो. लाखेचे खेळणे काही वेळाने हाताइतकेच उबदार लागते.

मानांकनाने काय फरक पडला, असे मी विचारले. काकींनी जे उत्तर दिले ते आनंद आणि चिंता या दोन्हींचे होते. आनंद असा की आता बाहेरगावचे लोक नाव घेऊन विचारत येतात, ‘सावंतवाडीचेच आहे ना?’ म्हणून खात्री करून घेतात, आणि शिकणाऱ्या मुलांच्या घरून ‘हे करून पोट भरेल का?’ हा प्रश्न पूर्वीइतक्या कठोरपणे येत नाही. चिंता अशी की बाजारात परराज्यांतून आलेली स्वस्त रंगीत खेळणीही सावंतवाडीची म्हणून विकली जातात, आणि पर्यटकाला दोन्हींतला फरक माहीत नसतो.

इथे कायद्याचे थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण मानांकन मिळाले म्हणजे सगळे झाले, असा समज सर्वत्र दिसतो. वस्तूंच्या भौगोलिक निर्देशांकांचा कायदा संसदेने १९९९ साली केला आणि तो सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याचे नोंदणी कार्यालय चेन्नईत आहे. दार्जिलिंगचा चहा हा या नोंदवहीतला पहिला मानकरी. आपल्याकडे सोलापूरची चादर, पुणेरी पगडी, पैठणी, कोल्हापुरी चप्पल, आणि सावंतवाडीच्या शेजारपाजारचे म्हणायचे तर वेंगुर्ल्याचा काजू, कोकम आणि हापूस यांना हा मान आधीच मिळालेला होता. या हक्काचे वैशिष्ट्य असे की तो कोणा एका माणसाचा किंवा कंपनीचा नसतो. तो त्या भूभागाचा आणि तिथे ती वस्तू ठरलेल्या रीतीने करणाऱ्या सर्वांचा असतो. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि ती पुन्हा पुन्हा वाढवता येते.

मात्र अर्ज करणाऱ्या संस्थेच्या नावाने मानांकन नोंदवले गेले की कायद्याचा पहिलाच टप्पा पार पडतो. त्यानंतर प्रत्येक कारागिराने स्वतःच्या नावाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते, आणि ती झाल्यावरच त्याला आपल्या मालावर ते बोधचिन्ह कायदेशीरपणे लावता येते आणि नकली मालाविरुद्ध स्वतः दाद मागता येते. २०२० साली नियमांत दुरुस्ती होऊन या अर्जाचे शुल्क ५०० रुपयांवरून अवघ्या १० रुपयांवर आणले गेले, म्हणजे पैशांची अडचण सरकारने आपल्या बाजूने दूर केली. उरते ती कागदपत्रांची, माहितीची आणि वेळेची अडचण, आणि दिवसाच्या कामावर ज्याचा दिवस अवलंबून असतो त्याच्यासाठी ती लहान नसते. माझ्या ओळखीच्या एका कारागिराला असाच एक अर्ज किरकोळ त्रुटीसाठी तीनदा परत आला आणि प्रत्येक खेपेला त्याचा अर्धा दिवस बुडाला. हे काम कारागिराच्या दारात जाऊन, त्याच्या शेजारी बसून भरून देण्याचे आहे. गावातल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी एका सुट्टीत ठरवले तर सगळी चितारआळी घरोघर नोंदवून होईल, आणि मला मनापासून वाटते की तसे व्हावे. अभिनंदनाच्या फलकांवर गावाचे नाव झळकले याचा मला आनंद आहे, पण ज्या हातांमुळे ते झळकले त्या हातांची नावे नोंदवहीत चढलेली पाहायची माझी इच्छा त्याहून मोठी आहे.

वाडी वाढते आहे, यात शंका नाही. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि मुंबईचा प्रवास सोपा झाला, जरी सावंतवाडी रोड हे स्थानक गावापासून काही अंतरावर मळगावात असले तरी. २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला, आणि सीमेपलीकडचा मोपाचा विमानतळही आता जवळ आहे. या सर्व वाढीत चितारआळीला बसलेला एक फटका मात्र फारसा कोणी बोलून दाखवत नाही. मुंबई-गोवा महामार्ग पूर्वी शहरातून जात असे. गाड्या चहाला थांबत, आणि चहाबरोबर मुलांसाठी एखादे खेळणे घेतले जाई. झाराप ते पत्रादेवी वळणरस्ता झाला आणि ती सगळी वर्दळ शहराबाहेरून निघून जाऊ लागली. शहराचा श्वास मोकळा झाला हे खरे, अपघात कमी झाले असतील हेही खरे, पण वाटेवरचे गिऱ्हाईक गेले. कर्नाटकातल्या चन्नपट्टणाला, जिथल्या लाखेच्या खेळण्यांनाही हेच मानांकन आहे, २०२३ साली बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्ग सुरू झाल्यावर हाच अनुभव आला. पूर्वी प्रवासी वाटेत सहज थांबत. आता त्यांनी मुद्दाम वाट वाकडी करून यावे लागते, आणि माणूस मुद्दाम येतो तो नावासाठी येतो. म्हणून मला वाटते की मानांकनाची गरज वाडीला याच काळात सर्वांत जास्त होती. रस्त्याने नेलेले गिऱ्हाईक नाव परत आणू शकते, मात्र आल्यावर त्याला ते काम डोळ्यांनी पाहायला मिळाले पाहिजे. राजवाड्याच्या दरबार दालनात कारागीर बसून पाने रंगवताना आजही पाहता येतात, ही फार चांगली सोय आहे. तिथे जाऊन येणाऱ्या प्रत्येकाने दहा मिनिटे एका कारागिराच्या बाजूला शांतपणे उभे राहावे, एवढेच माझे सांगणे आहे. किंमत जास्त का, हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते आणि ती मी काकींजवळही बोललो. आज गंजिफा बहुतेक चौकटीत जातात. लोक घेतात, भिंतीवर लावतात, भेट देतात. त्याने कारागिराला पैसे मिळतात आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण पान ज्यासाठी झाले तो डाव खेळणारी माणसे कमी होत गेली, तर पुढच्या पिढीतल्या चिताऱ्याला पाठ एकरंगी का ठेवायची आणि कड इतकी घट्ट का घोटायची, याचे कारणच उरणार नाही. हातातून हातात फिरणाऱ्या पानाला जी मजबुती लागते ती भिंतीवरच्या चित्राला लागत नाही. शाळांमधून, वाचनालयांतून, निदान गणपतीच्या पाच-सात दिवसांत वाडीतल्या घरांतून हा डाव पुन्हा मांडला गेला, तर ती या कलेची खरी राखण होईल. वाडीत गणपतीच्या रात्री भजने होतात, पत्ते खेळले जातात, तिथे एखाद्या कोपऱ्यात गंजिफांचा संच असणे अशक्य नाही.

काकींनी चारही पाने त्या मुक्कामात पूर्ण होणार नाहीत, असे स्पष्ट सांगितले. लेप वाळायला पावसाळ्यात वेळ लागतो आणि घाई केली तर रंग पुढे तडकतो. “नवी पानां येगळी दिसतली हां, आधीच सांगतंय,” त्या म्हणाल्या. जुन्या पानांसारखा पिवळटपणा मुद्दाम आणून देऊ का, असेही त्यांनी विचारले. मी नको म्हटले. आजीच्या हातांनी जुन्या झालेल्या पानांशेजारी नवी पाने नवीच दिसावीत, असे मला वाटले. वामनाच्या प्रधानाचा पोशाख पेटीतल्या इतर प्रधानांवरून त्यांनी ठरवला, आणि त्यासाठी नऊही प्रधान जमिनीवर मांडून त्या कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत बसल्या होत्या. या संचातले सगळे प्रधान डावीकडे पाहतात हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आले नव्हते, ते त्यांनी दाखवले.

दिवाळीच्या आधी पार्सल आले. सुती फडक्यात गुंडाळलेली चार पाने, प्रत्येकामध्ये कागदाची चकती. रामाच्या दुर्रीवरचे दोन बाण आणि तिर्रीवरचे तीन बाण अंगठ्याला किंचित उंचवटा लागेल इतक्या ताज्या रंगाचे होते. भाऊबिजेला आई, मामा आणि मी असे तिघे बसलो. मामांनी आधी सगळ्यांचे हात पाहिले आणि मगच पेटीचे झाकण सरकवले. कित्येक वर्षांनी प्रत्येकाच्या वाट्याला पुरी चाळीस पाने आली. दिवे लागून गेले होते, म्हणून कृष्णाचा राजा कोणाकडे आहे ते आम्ही एकमेकांना विचारले, आणि तो आईने हातातून काढून खाली ठेवला.